तिच्या बाकापाशी

चिमीच्या आईस,

चर्चचं व्यासपीठ, माझ्या वर्गातली कामाची सगळी बाकं, तुझं कपाट, चिमीचा पाळणा आणि गेल्या वर्षी तिची शवपेटी, हे सगळं मी याच हातांनी केलं. मला कुणी शिकवलं नव्हतं, तरी एकाही सांध्यात कागद शिरणार नाही.

माहेरी जाताना तू म्हणालीस, "जिने स्कूटर घसरवून आपली लेक मारली, तिलाच सुतारकाम शिकवता आणि घरी येऊन जेवता कसे?" घास उतरत नव्हता गं.

वर्ग भरण्याआधी मी एकेका बाकावर हात ठेवून त्या मुलासाठी प्रार्थना करतो. समोरचं पोर देवाचं आहे असं मानल्याशिवाय मला शिकवताच येत नाही. तिच्या बाकापाशी मात्र नुसते ओठ हलतात. मंगळवारी तिचा डावा हात पटाशीच्या धारेसमोर आला. मी पाहिलं आणि गप्प राहिलो. शेजारची ओरडली म्हणून बोटं वाचली. उलट तीच मला म्हणाली, "चुकलं माझं, सर." तेव्हापासून माझ्याच्याने गुडघे टेकवत नाहीत.

प्राचार्य म्हणाले, "सर, तुम्ही सुतार आहात, संत नव्हे. दुसऱ्या शाखेत बदली देतो, इथून जा." मी म्हणालो, "ज्याच्यापुढे हात जोडतो, तोही सुतारच होता."

तिला क्षमा न करता निघालो, तर ते गप्प राहणं माझ्यासोबत प्रत्येक वर्गात येईल. म्हणून मी नाकारलं: दुसऱ्या शाखेत बदली, तू ज्यात माझ्याकडे परत यायला तयार होतीस ते तिथलं घर, आणि दरमहा आठ हजार रुपये जास्त.

तुझा,
चिमीचा बाप