ओव्हनमधला दिवा आणि तुझी रुसलेली भावजय

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (कालपासून ओव्हनमध्ये डोकं घालून बसल्यामुळे कंबर धरली आहे, तसाही वाकलेलाच आहे.) तुझा खोकला कसा आहे? भावोजींचा गुडघा काय म्हणतो? तुझी भावजय सुखरूप पोचली असेलच. ती रागावून आली आहे हेही तिने सांगितलं असेल, पण का रागावली ते स्वतःच्या सोयीनं सांगितलं असणार. म्हणून हे पत्र. फोन केला असता, पण तिथे तो नेमका तीच उचलायची.

झालं एवढंच, की ओव्हनच्या आतला दिवा गेला. तुझी भावजय केक भाजते ती घड्याळाकडे बघून नाही, रंगाकडे बघून. काचेसमोर स्टूल टाकून बसायचं आणि वरची बाजू मनासारखी बदामी झाली की मगच दार उघडायचं. दिवा गेल्यावर आत मिट्ट काळोख. मग ती सारखं दार उघडून बघायला लागली आणि केक मधोमध खचायला लागले. ती म्हणाली, मेकॅनिक बोलवा. मी म्हणालो, अख्खी नोकरी कारखान्यात सेफ्टी ऑफिसर म्हणून केली, आता एका बल्बसाठी परका माणूस घरात आणू? (हे मी जरा मोठ्यानं म्हणालो असेन.) तिने खचलेला केक माझ्यापुढे आदळला, बॅग भरली आणि "मेकॅनिक येऊन गेला की कळवा, तोवर मी वन्सांकडे!" असं सांगून निघाली. केक मी खाल्ला. मधला खड्डा सोडला तर झकास होता.

मग मीही इरेला पेटलो. दिवा लावीन तर मीच, नाहीतर नाव बदलीन! त्या बल्बवर काचेचं झाकण असतं, ते फिरवून काढायचं. इतक्या वर्षांच्या तेला-तुपाच्या वाफेनं ते असं घट्ट बसलं होतं, की टॉवेल झाला, रबरी मोजा झाला, चार शिव्या झाल्या, तरी हलेना. शेवटी खांद्यापर्यंत आत शिरून असा जोर लावला, की झाकण निघालं आणि मी मागच्या भिंतीवर आपटलो. (झाकण शाबूत आहे. भिंतीवरचं कॅलेंडर नाही.) बल्ब घेऊन दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, हा तर फ्रिजचाच, बिनधास्त न्या. फ्रिज आणि ओव्हन यांत थोडा फरक असतो हे मला ठाऊक आहे गं, पण आटे तेच, आकार तोच, आणि लावल्याबरोबर पेटलासुद्धा! मी खुशीत, झाकण न लावताच, ओव्हन तापत ठेवला आणि स्टुलावर बसलो. फट्कन आवाज झाला, आत पुन्हा काळोख आणि ट्रेभर काचा.

ओव्हन थंड झाल्यावर काचा वेचताना आठवलं, की घाईघाईत मी मेन स्विचही बंद केला नव्हता. ज्या चुकीवरून मी अख्ख्या कारखान्याला फैलावर घेतलं, तीच चूक, तीही स्वतःच्या स्वयंपाकघरात! मनाची लाज वाटली. आज सकाळी उष्णता सोसणारा खास ओव्हनचा बल्ब शोधून आणला आणि सगळं नियमानं केलं. आधी मेन बंद, मग बल्ब बसवला, झाकण लावलं, बटण दाबलं. दिवा ढिम्म! बल्ब काढून पुन्हा बसवला. ढिम्म! दुकानात नेला, तिथे लख्ख पेटला. घरी आणला, पुन्हा ढिम्म! दाराजवळचं बटण खोललं, पुसलं, फुंकर मारून बसवलं. नाहीच. त्यातच फ्रिजनं आजचाच मुहूर्त साधून पाणी सोडलं आणि पंखाही बंद पडला. सगळी यंत्रं तुझ्या भावजयीला सामील आहेत, असा माझा पक्का संशय आहे. पण मी हटणार नाही. पाय खुर्चीवर घेऊन, घाम पुसत हे लिहितो आहे, आणि लिहून झालं की पुन्हा आत शिरणार आहे.

कुणीतरी दार बडवतंय. बेल नावाची वस्तू कशासाठी असते, हे लोकांना कधी कळायचं कोण जाणे. उठतो. भावोजींना नमस्कार.

तुझा धाकटा

ता. क. वरच्या मजल्यावरच्या बाई होत्या. म्हणाल्या, "काका, केव्हाची बेल दाबतेय, वाजतच नाही. आमच्याकडे लाइट आहे, तुमचीच गेलीय का?" मी तसाच आत गेलो आणि मेन चालू केला. फ्रिज गुरगुरला, पंखा फिरला आणि ओव्हनमध्ये असा लख्ख उजेड पडला, की मी त्या बाईंसमोर "मीच लावला! मीच!" म्हणून ओरडलो. नंतर ओव्हन चांगला तापवूनही बघितला. दिवा टिकला.

ता. क. आणखी एक (खरं काम हेच). तिला सांग, मेकॅनिक येऊन गेला. मी स्वतः हात जोडून त्याला बोलावला, आणि त्यानं चुटकीसरशी दिवा लावून दिला. कसा होता म्हणून विचारलंच, तर म्हणावं, बरा होता, जरा बडबड्या होता. माझं नाव कुठेही निघता कामा नये. मी लावला असं कळलं तर ती आणखी आठवडाभर तुझ्याकडेच ठाण मांडील, आणि मी इथे लखलखीत रिकामा ट्रे बघत बसेन. ताई, मला अजिबात करमत नाही गं. हे पत्र फाडून टाक आणि तिला पाठवून दे.