डिप ऐन वेळीच करायचं असतं

सोमवार, ८ तारीख
शनिवारी लिफ्टवाल्याचे आईवडील येणार. ठरलं. लेकीने हिला फोनवर सांगितलं, हिने मला चहा ओतता ओतता सांगितलं. लेक माझ्याशी बोलत नाही. कारण अगदी क्षुल्लक. मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो. पहिल्याच भेटीत मी त्याला म्हणालो, म्हणजे तुमच्या करिअरमध्ये चढउतार भरपूर. विनोद होता. मी स्वतः हसलो. लेक अर्ध्या जेवणातून उठून गेली.

निरोप असा: बाबांनी काहीही करू नये. फक्त बाहेर येऊन बसावं आणि त्याच्या आईवडिलांना म्हणावं, तुमचा मुलगा आम्हाला आवडला. एवढं म्हटलं की मी सगळं विसरेन. नाही म्हटलं तर लग्नाचं आम्ही आमचं बघू.

एवढंच? चुटकीसरशी.

पण नुसती तोंडची वाफ काय कामाची? माणसाने करून दाखवावं. त्या मुलाला अ‍ॅव्होकाडो फार आवडतो म्हणे. डिप करतो! ऑफिसच्या पार्टीत खरेदी विभागातला जाड्या घेऊन आला होता. साहेबांनी चिप्सने वाडगा खरवडला. सामान मोजकं, काम सोपं, इम्प्रेशन कायमचं. डिप पुढे करताना ते वाक्य ओघात येईलच.

मंगळवार, ९
चार अ‍ॅव्होकाडो आणले. फळवाल्याने विचारलं, आज हवेत की दोन-चार दिवसांनी. मला कळतं, म्हणालो. घरी आल्यावर बघितलं तर दगड. कुणाच्या डोक्यात घालायला आणलेत, असं हिचं म्हणणं. दुर्लक्ष. केळ्याबरोबर कागदात गुंडाळून ठेवले. सायंटिफिक पद्धत.

नियम: दाबून बघायचं नाही.

बुधवार, १०
सकाळी दाबून बघितले. दगड.

दाढी करताना वाक्याची प्रॅक्टिस. 'तुमचा मुलगा आम्हाला' इथपर्यंत उत्तम जातं. पुढे ब्लेड लागलं.

जाड्याला गाठलं. म्हणाला, लिंबू सढळ हाताने, आणि कापायचं ते ऐन वेळी, नाहीतर काळं पडतं. 'ऐन वेळी' वर त्याचा फार जोर होता. अनुभवी माणूस आहे.

ऑफिसातून आल्यावर दाबून बघितले. फक्त एकदा. म्हणजे प्रत्येकी.

गुरुवार, ११
ट्रायल. एक कापला. चमचा वाकला, अ‍ॅव्होकाडो नाही. शेवटी किसणीवर किसला. चव साबणासारखी. ही म्हणाली, वाया घालवू नका, कढई घासायची बाकी आहे. मी संयम पाळला.

मग तिने विचारलं, वाक्य म्हणता येतंय का? म्हणालो, एका वेळी एकच आघाडी सांभाळू दे. त्यावर ती हळू आवाजात म्हणाली की लेक दुपारी फोनवर रडत होती. बाबा ऐन वेळी काहीतरी घोळ घालतील याची तिला धास्ती वाटतेय.

फार वाईट वाटलं. पोरीचा बापावर एवढाही विश्वास नसावा? आता तर डिप फर्स्ट क्लासच व्हायला हवं. उरलेले तीन दाबून बघितले.

शुक्रवार, १२
तिन्हींवर काळे डाग. बरोबर बोटांच्या जागी. ही म्हणाली, पोलिसांनासुद्धा इतके स्वच्छ ठसे मिळत नाहीत.

एक मायक्रोवेव्हमध्ये ठेवला. फुटला. मायक्रोवेव्ह मीच पुसला, त्यामुळे प्रॅक्टिसला वेळ मिळाला नाही. बाजारातून मऊ बघून आणखी दोन आणले. परिस्थिती कंट्रोलमध्ये.

शनिवार, १३, दुपार
कांदा, मिरची, कोथिंबीर चिरून तयार. अ‍ॅव्होकाडोला हात लावलेला नाही. ऐन वेळी.

 

लेक सकाळीच आली. पॅसेजमध्ये समोरासमोर आलो. बोलली नाही, पण थांबली आणि माझ्या शर्टाची कॉलर नीट केली. म्हणजे डिपची बातमी तिच्यापर्यंत पोचली आहे.

ही म्हणते, अजूनही सोडा ते, बाहेर बसा, मी बिस्किटं ठेवते. बिस्किटं! अशा प्रसंगाला!

शनिवार, संध्याकाळ, स्वयंपाकघर
बेल वाजली. आले. वडिलांचा आवाज भारदस्त. कापायला घेतो.

पहिला झकास. दुसरा आतून काळा, दोऱ्या दोऱ्या. तिसरा अजून दगड. हरकत नाही.

लेकीची हाक. बाबा, येताय ना? आलोच, म्हणालो.

मीठ जास्त झालं. लिंबू वाढवलं. आता आंबट. कांदा वाढवला. आता कांदाच दिसतोय. ठेवणीतला शेवटचा कापला, देवाच्या कृपेने बरा निघाला.

बाहेर हशा. मग त्याच्या आईचा प्रश्न, तुमचे मिस्टर दिसत नाहीत? ही म्हणाली, डिप करतायत. त्यावर शांतता. उत्सुकता चांगलीच ताणली गेलेली दिसते.

पुन्हा लेकीची हाक. यावेळी नुसतंच 'बाबा'. आलोच, म्हणालो. हात कोपरापर्यंत हिरवे आहेत, असा कसा जाऊ? शिवाय घाईत काहीतरी भलतंच बोललो तर? त्यापेक्षा डिप नीट होऊ दे.

थोडं अजून लिंबू. मिरची चिमूटभर.

जमलं! खरंच जमलं. साहेबांनी बोटं चाटली असती. आता वाडगा कुठला घ्यावा? काचेचा बरा. काचेचा वरच्या कपाटात आहे. स्टूल आणतो.

रविवार, १४
बाहेर आलो तेव्हा ते बूट घालत होते.

वडील म्हणाले, आता उशीर झाला, पुढच्या वेळी नक्की खाऊ. आईने नुसती मान हलवली. त्या दोघांना सोडायला ही लिफ्टने खाली गेली. मुलगा एकटा मागे थांबला. बुटाची नाडी तशीच सोडून त्याने एक चिप वाडग्यात बुडवली, खाल्ली, आणि काका, मस्त झालंय, असं म्हणाला. खरं म्हणजे ही वेळ होती. माझं तोंड उघडलंही. पण बाहेर काय पडलं, तर लिंबू सढळ हाताने घालावं लागतं. तो हो म्हणाला आणि जिन्याने उतरला.

मग लेक पर्स घेऊन आली. किती दिवसांनी माझ्याशी बोलली. म्हणाली, बाबा, मी तुम्हाला दोनदा हाक मारली. त्याची आई पुन्हा विचारेल म्हणून मी दाराकडे बघत बसले होते. मी म्हणालो, अगं, पण ते ऐन वेळीच करायचं असतं, आधी केलं की काळं पडतं. ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाली, बाबा, तुमच्याकडे डिप मागितलं कोणी होतं?

आणि गेली. लग्नाचं त्यांचं ते आता बघणार आहेत.

सकाळपासून आठवून बघतोय. ही नाही. लेक नाही. त्या मुलानेही नाही. कोणीच मागितलं नव्हतं.

मघाशी ही टेबलावर माझा चहा ठेवून गेली. चहा ठेवलाय असंही म्हणाली नाही. आजपासून हीसुद्धा माझ्याशी बोलत नाही.