सरपंचाचा उपवास

कोरेगाव, जि. सातारा
शनिवार, २५ जानेवारी २०२५

सौ. सुलाबाई विहीणबाई यांस अंजनाचा सप्रेम नमस्कार.

पत्र लिहायची वेळ आली ती तुमच्या फोनमुळे. तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो आणि क्रांती शेजारी बसलेली असते. तुमच्याशी एकटीशी बोलायचे तर मला दुसरा मार्ग दिसेना. अक्षर लागले नाही तर सूरजकडून वाचून घेऊ नका, चष्मा लावा.

आमच्याकडे सर्व ठीक. थंडी बरीच आहे. आमच्या वीरधवलचा पलटणीतून फोन आला होता. तिकडे बर्फ पडतोय, मार्चमध्ये रजा मिळेल म्हणाला. व्याह्यांचा खोकला कमी झाला असेल अशी आशा करते. त्यांनी पहाटे फिरायला जाणे थोडे दिवस बंद करावे. ते ऐकणार नाहीत हे माहीत आहे, तरी सांगावे.

उद्या तुमचा सूरज गाडी घेऊन येईल आणि क्रांतीचा मासा सांगलीला नेईल. मासा मध्यंतरी आजारी होता आणि आता बरा आहे. हे क्रांतीला माहीत आहे, तुम्हाला तिने किती सांगितले ते मला ठाऊक नाही. पण काही गोष्टी तिलाही माहीत नाहीत आणि त्या या पत्रात आहेत. तेव्हा वाचून झाल्यावर हे देवघरात ठेवू नका, तिथे ती रोज दिवा लावते.

मागच्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर क्रांतीच्या बाबतीत जे झाले, त्यानंतरचे दिवस तुम्हाला आठवत असतील. घरात भांड्याचा आवाज झाला तरी आम्ही दचकत होतो. मग एके दिवशी ती साताऱ्याला दवाखान्यात गेली आणि येताना काचेची टाकी आणि एक केशरी गोल्डफिश घेऊन आली. मी म्हटले, "हे आता कशाला?" ती म्हणाली, "आई, घरात कायतरी हलतं असावं." आमच्या यांनी त्याचे नाव सरपंच ठेवले, कारण तोंड सारखे चालू असते आणि ऐकू काही येत नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत क्रांतीला पुन्हा दिवस गेले, आणि तुम्ही फोनवर जाहीर केलेत, "पायगुणाचा मासा हाय त्यो!" त्यावर मी म्हणाले होते, "विहीणबाई, ज्याला पायच नाहीत त्याचा पायगुण कसला?" तुम्हाला ते लागले असणार. लागावे म्हणूनच म्हणाले होते.

पण तुमचे बोलणे वाड्यावस्त्यांवर पोचले. क्रांती बाळंतपणाला माहेरी तुमच्याकडे आली आणि इकडे सरपंचाचे दर्शन सुरू झाले. कुणाच्या मुलीला बघायला पाहुणे येणार असले की ती आधी आमच्या टाकीपुढे. संक्रांतीला हळदीकुंकवाच्या बायका वाण घेऊन सरळ तिकडेच वळल्या. शेजारची रेश्मा म्हणाली, "काकू, आमच्या स्वप्नालीच्या नोकरीचं लय दिवस झालं जमंना. टाकू का सरपंचाला दोन दाणं?" तिचे बघून बाकीच्यांनीही टाकले. कुणीतरी तिळगूळच टाकला आणि म्हणाली, "घ्या सरपंच, आता तरी गोड बोला." सगळ्या खो खो हसल्या. मीही हसले.

त्यात आमचे हे. लोकांसमोर म्हणणार, "माशाचं काय कौतुक लावलंय," आणि सकाळी मी चूल पेटवत असले की गुपचूप चिमूट टाकणार. दर गुरुवारी तुमच्या नावाचे दाणे होतेच, ते तुम्ही फोन ठेवायच्या आधी माझ्याकडून कबूल करून घेत होतात. राहिले माझे. मी दुपारी टाकत होते. घरात कोणी नसताना.

संक्रांत होऊन दोन दिवस गेले नाहीत तोच सरपंच पाण्यावर आडवा तरंगू लागला. पोट टम्म, एक कूस पाण्याबाहेर. खाली जायला धडपडायचा आणि बुचासारखा पुन्हा वर यायचा.

मी कऱ्हाडला प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले आहे हे तुम्हाला लग्नाच्या बोलणीत दोनदा सांगितले होते. मासा आतून कसा असतो ते मी आजही कागदावर काढून दाखवीन. त्याच्या पोटात हवेची पिशवी असते, तिच्यावर दाब आला की तोल जातो, एवढे मला बघताक्षणी कळले. पण कॉलेजातले आमचे सगळे मासे मेलेले असायचे. जिवंत ठेवायचा कसा हे कोणी शिकवले नाही.

यांचे निदान वेगळे. "थंडी बाधलीया," म्हणाले, आणि फौजेतले कांबळे काढून टाकीभोवती गुंडाळले. मग साताऱ्याहून कसले तरी निळे औषध घेऊन आले. पाणी असे निळे झाले की मासा दिसेना. मी म्हटले, "मासा बरा करायचाय का नीळ देऊन वाळत घालायचाय?" ते म्हणाले, "आगं, तू शिकलेली हायस न्हवं? मग तू कर की कायतरी." ते पाणी मी बदलले, एवढेच केले.

क्रांतीला रोज संध्याकाळी सरपंचाचा व्हिडिओ लागतो. आजारी मासा दाखवला असता तर तिच्या मनात काय आले असते ते तुम्ही जाणता. डॉक्टरांनी तिला जिवाला घोर लावून घेऊ नको म्हणून बजावले आहे. म्हणून मी संक्रांतीच्या आधीचा एक चांगला व्हिडिओ शोधला आणि रोज तोच पाठवत राहिले. माशासारखा मासा, कुणाला काय कळणार, असा माझा हिशेब.

मंगळवारी दुपारी तिचाच फोन आला, समोरासमोर बघून बोलायचा. तुम्ही दळणाला गेला होतात. मला म्हणाली, "आई, आबा रोज त्याच जागंला शिंकत्यात व्हय?"

मी व्हिडिओ पुन्हा पाहिला. खरेच, मासा वळला की मागे हे शिंकतात.

"खरं सांगा, सरपंच मेला का?"

मला खोटे बोलता येत नाही असे नाही, पण तोंड बघून येत नाही. मी फोन टाकीसमोर धरला. म्हटले, जे व्हायचे ते होऊ दे.

तिने नीट बघितले. रडेल, घाबरेल, पोट धरून बसेल, मी सगळ्याची तयारी ठेवली होती. तर ती म्हणाली, "पोट फुगलंय. किती जणं खायला घालताय त्याला?"

मी नावे सांगायला लागले. रेश्मापर्यंत आले तेव्हा तिने हात जोडले. "बास! माणूस आसता तर दवाखान्यात न्यावा लागला आसता. खाणं बंद करा, एकदम बंद. पाणी कमी करा म्हणजे त्याला वरखाली करायला सोपं जाईल. दोन-तीन दिवसांनी मटारचा दाणा उकडा, साल काढा आणि एवढासा कुस्करून द्या." दुकानातून मासा आणला तेव्हाच तिने हे सगळे विचारून घेतले होते. आम्ही कोणी तिला विचारले नव्हते.

मी म्हटले, "आणि क्रांती, नाहीच वाचला तर?"

"तर मासा मेला म्हणायचं, आई. लिंबाच्या बुडात पुरायचा."

मग ती जे बोलली ते जसेच्या तसे लिहिते, कारण ते तुमच्यासाठीही आहे. ती म्हणाली, "तुमी सगळी मला तळहाताच्या फोडागत जपताय, पण बाळ म्हणून शब्द कोण तोंडातनं काढत न्हाई. तुमचा फोन आला की मासा कसा हाय. हिकडं आईचं तेच, मासा जेवला का. वीरधवलसुद्धा बर्फातनं माशाचीच चौकशी करतोय. माझ्या पोटात मासा न्हाई, आई. बाळ हाय, आणि सकाळधरनं लाथा मारतंय. ते विचारा की कोणतरी!"

विहीणबाई, मी इतकी वर्षे चार माणसांत ताठ बोलत आले. त्या वेळी मला एवढेच सुचले, "कुठल्या बाजूला मारतंय?"

"उजव्या," ती म्हणाली. आणि मग आम्ही बराच वेळ बोललो. माशाचा विषय निघाला नाही.

सरपंचाचा उपवास त्याच दिवशी धरला. दाण्यांची पुडी मी कपाटात कुलपात घातली. हे म्हणाले, "आजाऱ्याला उपाशी ठेवायचं? आमच्या पलटणीत आजाऱ्याला पैला दूध मिळायचं." मी म्हटले, "पलटणीत आजाऱ्याला संक्रांतीचा तिळगूळ मिळाला होता का?" तरी यांच्या सदऱ्याच्या खिशात भाकरीचा तुकडा सापडलाच. रेश्माला मी दारातूनच सांगितले की सरपंचांची भेट बंद आहे. ती म्हणाली, "आवं काकू, निस्तं लांबनं हात जोडते." हात जोडायला माझी हरकत नव्हती.

काल मटार उकडला. माझ्या मटारउसळीला नावे ठेवणारा माणूस चष्मा लावून एका दाण्याची साल काढत बसला होता. कुस्करलेला दाणा पाण्यात सोडला. सरपंचाने तिरक्या तिरक्या येऊन तो ओढला. सांजेपर्यंत काही नाही. मग दिवेलागणीला हे टाकीपाशी ओरडले, "आगं ये, ये लौकर, झाली!" लांबलचक दोरा लोंबत होता. आम्ही दोघे उभे राहून बघत होतो. वीरधवलनंतर या घरात कुणाच्या शीचा एवढा आनंद झाला नव्हता.

आज सकाळी मासा तळाशी होता, पाठ वर, पोट खाली, जसा देवाने केला तसा. मी त्याचा खराखुरा व्हिडिओ काढून क्रांतीला पाठवला. तिचे उत्तर आले, "आता त्याला हिकडंच पाठवा. तिकडं तुमी त्याला आशीर्वादानं माराल."

म्हणून पाठवते आहे. तुमच्यासाठी सूचना: दिवसातून एकदा चिमूटभर दाणे, तेही क्रांतीने घालायचे. गुरुवार नाही, एकादशी नाही, पाहुण्यांचे नाही. तुमच्या गल्लीत पायगुणाचा प शब्द काढू नका.

आता राहिलेले.

मासा आडवा झाला त्यानंतर, आणि क्रांतीचा फोन येण्याच्या आधी, एक दिवस मी बँकेत जाऊन येते म्हणून निघाले आणि एस.टी.ने औंधला गेले. यमाईचा डोंगर चढले. वीरधवलच्या लग्नानंतर मी तिथे गेले नव्हते, आणि तेव्हाही सगळे जातात म्हणून गेले होते. वाटेत स्वतःला सांगत होते की माशासाठी चालले आहे, म्हणजे वेडेपणाच आहे, पण छोटा आहे.

देवीपुढे उभी राहिले, हात जोडले, आणि माशाचे नाव तोंडातून निघालेच नाही. "क्रांतीचं बाळ धडधाकट हातात येऊ दे," एवढे निघाले, तेही इतक्या मोठ्याने की गुरवाने वळून पाहिले. गाभाऱ्यात आवाज घुमतो हे मला कॉलेजात शिकवले होते, पण ऐनवेळी आठवले नाही.

घरी आले तर हे अंगणात बसले होते. माझ्या कपाळाकडे बघून म्हणाले, "कुठल्या बँकेत मळवट भरत्यात गं?" मी आत जाऊन चहा ठेवला. त्यांनी पुन्हा विचारले नाही. चहा मात्र दोनदा मागितला.

मासा मटाराने बरा झाला, यात मला शंका नाही. पायगुणाविषयीचे माझे मतही बदललेले नाही. पण तुम्ही तुमचे सांगाल तेव्हा इथून पुढे मी हसणार नाही. आणि एक गोष्ट तुम्हाला न विचारता करून बसले आहे. बाळ-बाळंतीण सुखरूप झाली की दोघी विहिणी मिळून ओटी भरायला येऊ, असे देवीला सांगितले आहे. तुमचे नाव घेऊन सांगितले आहे. तेव्हा आतापासून थोडे चालत जा, चढ बराच आहे.

गेले काही महिने मी रोज सकाळी उठले की छातीवर काहीतरी ठेवल्यासारखे असायचे. ते मंगळवारपासून नाही. कशाने गेले ते मी ठरवत बसलेले नाही.

बाळ उजव्या बाजूला लाथा मारते. तुम्ही तिच्याजवळ आहात, रोज विचारत जा.

सर्व चांगले होईल, असे लिहिते आहे, आणि लिहिताना हात अडला नाही.

तुमची विहीण,
अंजना

रविवार सकाळ. हे शाळेत झेंडावंदनाला गेले आहेत. जाताना सूरजला म्हणाले, "ब्रेकर आला तर खाली उतरून गाडी ढकल, पर बादली हिंदकळू देऊ नगं." सूरजचा नाश्ता झाला आहे. त्याच्या हाती दिले ते असे:

मासा एक, झाकणाच्या बादलीत, त्याच्या टाकीतल्याच पाण्यात, सरळ पोहणारा. सूरजने झाकण काढून स्वतः पाहिला.

काचेची टाकी, पंप आणि जाळी, यांच्या कांबळ्यात गुंडाळून. कांबळे परत पाठवावे.

दाण्यांची पुडी, उरलेली. मटार, डबाभर, त्यातला माशाचा अर्धा दाणा, बाकी तुम्हाला.

दुपटी सहा. माझ्या जुन्या सुती पातळांची, शिवून, दोनदा धुऊन, उन्हात वाळवलेली. ही माशासाठी नाहीत.