मामांच्या चौदा आकड्यांबद्दल

बिश्केक, मंगळवार

आदरणीय सबिरकुलमामांना भाची नुरझामालचा छातीवर हात ठेवून सलाम. तुमचे गुडघे कसे आहेत, मामींचा खोकला गेला का, बटाटे लावून झाले का आणि ती लाथाळ घोडी अजून तशीच आहे की सुधारली? (सुधारली असेल तर मला संशय येईल. हल्ली मला सगळ्याचाच संशय येतो, त्याचीच ही हकिकत.)

तर झालं असं. वरच्या धरणाला नवे दरवाजे बसतायत. ते उघडल्यावर तुमच्या ताश-कापका गावाशी पाणी किती चढेल, हे संगणकावर काढलंय. आणि त्या हिशेबावर भरवसा ठेवायचा की नाही, हे ठरवायचं लोढणं खात्यानं माझ्या गळ्यात अडकवलंय. मी सही केली की गावाची भिंत तीन मीटर उंच बांधायची, एवढं सोपं. हिशेब केला आमच्या मेदेरबेकनं. माणूस हुशार, पण जरा गुळगुळीत. त्यानं पडद्यावर निळं पाणी सोडून दाखवलं, ते असं खाली मान घालून चाललं होतं, जशी पाहुण्यांसमोर आणलेली नवी सून. मग पाण्याच्या वेगाचे संगणकाचे आकडे आणि नदीत प्रत्यक्ष मोजलेले जुने आकडे शेजारी शेजारी मांडले. चौदाच्या चौदा जुळले! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी तेवढी हातातली चहाची वाटी खाली ठेवली. मामा, खवळलेलं पाणी एकाच जागी दोनदा मोजलं तरी दोन वेगळे आकडे येतात, हे लहानपणी तुम्हीच मला शिकवलंत ना? मग हे पाणी एवढं आज्ञाधारक कसं?

मी खोदायला लागले. विचारलं, नदीचा तळ किती खडबडीत धरलायस? तो खिडकीबाहेर बघायला लागला. मामा, त्यानं तळ काचेचा धरलाय, काचेचा! जिथे बैलाएवढे धोंडे पडलेत, जिथे माझी नवी चप्पल अडकून कायमची गेली (तुम्ही हसला होतात, मी विसरलेले नाही), तिथे काच! वर मलाच म्हणतो, "ताई, तसं धरलं तरच जुळतं. जुळतंय ना, मग तुमचं काय जातं?" माझं काय जातं म्हणे! मी त्याला म्हटलं, हिशेबासाठी नदीचे जे बारीक चौकोन पाडलेस ते निम्मे कर. हिशेब खरा असेल तर उत्तर फारसं हलायला नको. तोंड वाकडं करून त्यानं केले. पाणी हातभर चढलं. पुन्हा निम्मे केले, आणखी चढलं. तळाशी धोंडे परत ठेवले, तर पाणी सरळ तीन मीटरच्या भिंतीवरून पलीकडे गेलं. बिचारा रडकुंडीला आला. म्हणाला, "माझं चुकलं असेल हो, पण नदीत उतरून मोजलेले आकडे तर खोटं बोलणार नाहीत? मी त्यांच्याशीच जुळवून घेतलं."

मग मी ती मोजणीची मूळ वही मागवली. तारीख नऊ जून एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी. चौदा जागा, चौदा आकडे, एक खाडाखोड नाही, पाण्याचा एक थेंब नाही. आकडे काठापासून मधोमध चढत जातात आणि तसेच उतरतात, अगदी इस्त्री केल्यासारखे. अक्षर कुणाचं, ते मी सांगायला नको. त्याच मोजणीचं प्रशस्तिपत्र तुमच्या बैठकीत चौकटीत लावलेलं आहे. आता दुसरी गोष्ट. आईकडे माझ्या पाळण्याच्या समारंभाचा फोटो आहे. तुम्ही एका हातात मला धरलंय, दुसऱ्या हातात कुमिसचा, म्हणजे घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा, वाडगा, आणि आम्ही दोघंही एकाच बाजूला कललोय. फोटोच्या मागे तारीख आहे, नऊ जून अठ्ठ्याऐंशी. समारंभ झाला तिथून नदी घोड्यावरून दोन दिवसांच्या वाटेवर.

मी कुणावर आळ घेत नाही, आपलं सहज लिहिलं. मामींना सांगा, जर्दाळू पोचले. बाकी सर्व ठीक.

तुमची भाची,
नुरझामाल

ता. क. आईला फोन करून विचारलं, तारीख नक्की का? ती म्हणते, "मागाहून अंदाजानं घातली गं, तुझ्या वाढदिवसाचीही तशीच घातलीय." म्हणजे आता फोटोचाही भरवसा नाही आणि माझ्या वयाचाही.

ता. क. दोन. शुक्रवारी सही मागतायत. नदीच्या अंगाला गावातलं पहिलं घर कुणाचं, हे मी अहवालात लिहिलेलं नाही. आत मामी झोपतात, एवढं मला माहीत आहे.

ता. क. तीन. मुख्य काम राहिलंच. आपल्यात भाचीनं मागितलं तर मामाला नाही म्हणता येत नाही. बाकीच्या भाच्यांनी मामांची शिंगरं ओढून नेली, मी आजवर काही मागितलं नाही. आता मागते. गुरुवारी मोजयंत्र आणि दोर घेऊन पुलावर या, आपण दोघं मिळून पुन्हा मोजू. प्रशस्तिपत्र आहे तिथेच राहू दे. जुनी मोजणी का रद्द केली असं कुणी विचारलं, तर मी घोडीनं लाथ मारली म्हणून सांगेन. फक्त मला एकटीला खरं सांगा, त्या दिवशी तुम्ही नदीवर होतात की माझ्याजवळ? माझ्याजवळ होतात म्हणालात तर मी रागावणार नाही, मामा. मला फार बरं वाटेल.