विहिरीकडची ओळ

८ डिसेंबर

आज बाबांना तोंडावर नाही म्हटलं.

आंबिया बहार, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतला फुलोरा, धरायचा म्हणून संत्र्यांचं पाणी तोडायचं, झाडांना ताण द्यायचा, हे दरवर्षीचंच. पण विहिरीकडच्या ओळीत सालीवर टाचणीच्या टोकाएवढी भोकं आहेत, त्यांतून भुसा गळतोय. धडधाकट झाड डिंक सोडून साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांना बाहेर ढकलतं. तहानलेलं झाड कशानं ढकलणार?

मी म्हटलं, "बाबा, या ओळीले ताण नाई द्यायचा."

"काऊन? झाडाईची डॉक्टर होऊन राह्यली का तू? बहार नाई आला तं बाजारात साल इकजो!"

नखानं साल खरवडून झाडाची तब्येत पाहायला त्यांनीच तर शिकवलं. माझं चुकत असेल? असेलही. या ओळीला फळ धरलं नाही तर बोल मलाच, आणि तो जन्मभर ऐकावा लागेल. तरी ती भोकं डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

चोरून मात्र काही केलं नाही. त्यांच्यासमोरच त्या ओळीच्या ठिबकचा व्हॉल्व उघडला.

"उद्या मी बंद करतो," ते म्हणाले.

"करा. मी आखीन खोलीन."

पाणी झाडांपर्यंत पोचेतो मी व्हॉल्ववरचा हात काढला नाही.