नेपरव्हिलमध्ये चढ शोधताना

३१ मे, शनिवार
इराचा फोन. ऑक्टोबरात तिचा पंचविसावा वाढदिवस, आम्ही दोघांनी कोलोरॅडोला यायचंच. मित्रमैत्रिणी मिळून डोंगरात सायकली चालवणार. माउंटन बायकिंग. म्हटलं, आणि आम्ही? "आई, तू आणि बाबा कॅफेत चिल करा ना. आमचं स्टफ पण सेफ राहील."

स्टफ. म्हणजे सामान सांभाळायला. डोक्यात तिडीक गेली. महाबळेश्वरला सगळे घोड्यावर, मी पिशव्यांपाशी. गोव्याला सगळे पाण्यात, मी टॉवेलांपाशी. नायगऱ्याला सगळे बोटीत, मी स्ट्रोलरपाशी. "उज्ज्वला बसेल की सामानापाशी." बसली. बावन्न वर्षं बसली. आता नाही बसणार. माझ्या पोरीबरोबर मी त्या डोंगरात जाणार, सायकलवर. तिला आत्ता सांगायचं नाही. थेट तिच्यापुढे जाऊन उभी राहीन.

मिलिंदला मात्र सांगितलं. (यापुढे मि. नवऱ्याला एवढी शाई पुरे.) तो म्हणाला, "शिकणार कुठे? इथे नेपरव्हिलला जमिनीवर गोटी ठेवली तर गोटी जागची हलत नाही."

१ जून
अ‍ॅपवर सायकलच्या वाटा शोधल्या. ‘नवशिक्यांसाठी’वर टिक, ‘चढ-उतार’वर टिक, घरापासून पंचवीस मैल. उत्तर आलं, काही सापडलं नाही. चढ-उताराची टिक काढली, तर रांगच लागली. सगळे डांबरी रस्ते. दोन्ही बाजूंना मका, मधे बाबागाड्या आणि बदकांची घाण.

गावाजवळ उंचवटा म्हणावा असा एकच, तोही कचऱ्याचा. जुन्या कचऱ्यावर माती लोटून गवत लावलंय. तिथे सायकल न्यायला मनाई. मि. म्हणाला, "नेपरव्हिलचं एव्हरेस्ट." हसून हसून चहा सांडला. पुसला कोणी ते लिहीत नाही.

मी नागपूरची. सपाटीतच वाढले, मे महिन्याच्या उन्हात लेडीज सायकल हाणत कॉलेजला गेले. सपाटीचं मला कौतुक सांगू नये.

८ जून
सायकलच्या दुकानात गेले. तिथली डेना साठीची असेल, करडी वेणी, हातावर ओरखडे. तिला म्हटलं, नवशिकी आहे, ऑक्टोबरात कोलोरॅडो. ती हसली नाही. म्हणून सायकल तिच्याकडूनच घेतली. जाड टायर, पुढच्या चाकाला झटके खाणारा फोर्क.

तिचं म्हणणं, नवशिक्याला डोंगर लागतच नाही. ब्रेक कसा दाबायचा, उतारावर पेडलवर उभं कसं राहायचं, नजर कुठे ठेवायची, एवढं शिकायला दहा फुटांचा उतार बास. तोच शंभरदा उतरायचा.

दहा फूट. तेवढे तरी सापडतील की नाही.

१४ जून
सापडले. घरामागेच. पावसाचं पाणी साठवायचं तळं, चारी बाजूंना गवताचा उतार. अकरा वर्षं स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघतेय, उतार म्हणून कधी दिसलाच नाही. बावीसदा उतरले. पहिल्या वेळी डोळे मिटले होते, हे फक्त इथे लिहितेय. मजा आली. खरंच फार मजा आली.

२० जून
सोसायटीच्या असोसिएशनचं पत्र. तळ्याकाठी सायकल चालवल्याने ‘परिसराच्या शोभेला बाधा’ येते म्हणे. माझी शोभा कुणी बघत होतं तर.

वीस वर्षं सॉफ्टवेअरमधल्या चुका काढून पोट भरलंय. नियमावली पहिल्या पानापासून वाचली. बंदी आहे ती मोटरवर चालणाऱ्या वाहनांना. उत्तर पाठवलं, की माझ्या सायकलीला मोटर नाही, मी आहे. मि. म्हणाला, "कशाला वाकड्यात शिरतेस यार, शेजारी आहेत." मी वाकड्यात शिरत नाही, उतारावर जाते. उद्या परत जाणार.

६ जुलै
डेनाने पत्ता दिला होता, पाऊण तासावर, नदीकाठच्या जंगलात. लोकांनी हौसेने कुदळ-फावडी घेऊन खणलेली पायवाट. एका वेळी एकच सायकल मावेल एवढी. मुळं, खड्डे, आपल्या गुडघ्याएवढे मातीचे उंचवटे एकामागे एक. सुरुवातीच्या पाटीवर हिरवा गोल, म्हणजे सोपी. तीन मैल.

सोपी कुणाला? अकरा वेळा उतरून सायकल ढकलली. डेना म्हणाली होती, जिकडे बघशील तिकडे जाशील, झाडाकडे बघू नकोस. मी झाडाकडे बघितलं. झाडात गेले.

घरी आल्यावर मि.ने गुडघा बघितला. "हे तुझं वय आहे का?" म्हटलं, हो, हेच आहे, दुसरं माझ्याकडे नाही.

१२ जुलै
रात्री पाऊस झाला, पायवाट बंद. ओल्या मातीत चाकं फिरली की चऱ्या पडतात, मग कुणालाच चालवता येत नाही. सकाळ फुकट. गॅरेजपुढे फूटपाथच्या कडेवर पुढचं चाक उचलायचा सराव. पलीकडची बाई पडद्याआडून बघत होती. हात केला. पडदा बंद.

इराचा फोन आला तेव्हा अंगठ्यावर बर्फ धरून बसले होते. "आई, व्हॉट आर यू अप टु?" काही नाही गं, नेहमीचंच.

२६ जुलै
पूर्ण फेरी. पाय एकदाही जमिनीला न लावता. नदीकडचा तो तीव्र उतारसुद्धा. खाली पोचल्यावर एकटीच मोठ्याने हसले. वर फांदीवर कुणी होतं ते उडून गेलं.

संध्याकाळी मराठी मंडळातल्या कुंदामावशींचा फोन. गणपतीच्या स्वयंपाकाच्या यादीत माझं नाव दरवर्षीसारखं मोदकांना. शनिवार सकाळ नाही जमणार म्हटलं. "का गं, बरं नाही का?" उत्तम आहे. "मग?" सायकल चालवायची असते. मग म्हणाल्या, "बरं, मग रविवारी पोळ्यांना टाकते." घ्या.

१६ ऑगस्ट
उजव्या हाताने लिहितेय. डावा प्लास्टरमध्ये.

मि. पहिल्यांदाच बरोबर आला, त्याची जुनी सायकल घेऊन, "बघू तरी काय करतेस". मी पुढे, तो मागे. नदीकडच्या उतारावर मी नीट चालले होते, पेडलवर उभी, नजर लांब. मि. मागून ओरडला, "हळू! हळू! हळू!"

उताराच्या तळाशी एक गोरे आजोबा सायकल चालवत होते. त्यांना ऐकू आलं ‘हेलो’. भला माणूस. पायवाटेच्या मधोमध थांबला, वळला, हात हलवून म्हणाला, "हेलो! हेलो देअर!" आणि गप्पांसाठी उभाच राहिला. पंचवीस वर्षांत या देशात मला इतक्या अगत्याने कुणी हेलो केलं नव्हतं. मी पुढचा ब्रेक करकचून दाबला. मग हँडलवरून थेट जमिनीवर.

मनगटाचं हाड. सहा आठवडे. आजोबा बिचारे सॉरी सॉरी म्हणत गाडीपर्यंत आले. मि. पांढराफटक.

१७ ऑगस्ट
मला न विचारता मि.ने इराला कळवलं. सगळं. तळं, पायवाट, हात. ती घाबरली, मग चिडली, मग तासाभरात मेसेज. डोंगर कॅन्सल केला, सगळ्यांनी मिळून आगगाडीतून देखावे बघायचे. "सो यू कॅन जस्ट रिलॅक्स, आई."

माझ्यामुळे आता सगळेच बसणार. याच्यापेक्षा हात मोडला ते बरं होतं. इराला फोन केला नाही. केला असता तर काहीतरी भलतं बोलले असते. मि.शीही बोलत नाहीये.

२३ ऑगस्ट
मि. स्वतःहून म्हणाला, "मी हळू म्हणायला नको होतं." त्या दिवशी? "हो." म्हटलं, त्या दिवशीचं सोड. जिना उतरताना हळू, गाडी शिकताना हळू, प्रमोशन मागायला गेले तेव्हा हळू. तो म्हणाला, "काळजी वाटते म्हणून म्हणतो ना." माहीत आहे. म्हणून तर इतकी वर्षं ऐकलं. यापुढे घरात तो शब्द बंद.

आज डाळ उतू जात होती. मला दिसत होतं, त्याला ‘गॅस हळू कर’ सांगणार, तेवढ्यात तो माझ्याकडे बघून म्हणाला, "गॅस काय करू? तो शब्द तर बंद आहे." हसू आलं. अबोला तुटला.

३० ऑगस्ट
हात गळ्यात अडकवून पायवाटेवर चालत गेले. सायकल नाही तर नाही, पाय आहेत. एकेक मूळ बघितलं, कुठे वजन मागे घ्यायचं, कुठे ब्रेक सोडायचा. वळणांना नावं दिली. दिसायला सरळ आणि ऐन वेळी आत वळणारं, ते सासूबाईंचं. भसकन खाली नेणारं, ते मॅनेजरचं. मि. मागे वही घेऊन लिहीत होता. त्याला हा उद्योग आवडलाय असा संशय आहे.

जिथे पडले तिथे दहा मिनिटं उभी राहिले. भीती वाटली. खोटं कशाला लिहू, भरपूर वाटली. तरी डोक्यात परत परत उतरत होते.

१३ सप्टेंबर
डेनाला भेटले. प्लास्टर निघाल्या निघाल्या चालवता येईल का? ती म्हणाली, हे डॉक्टरला विचार, मला विचारशील तर मी हो म्हणेन. डॉक्टर पंचवीस तारखेला. विमान दोन ऑक्टोबरचं.

रोज सकाळी स्टेडियमच्या पायऱ्या, दोन वेळा वरपर्यंत. मि.ची एकच फेरी होते, मग तो पाण्याची बाटली घेऊन खाली बसतो.

२१ सप्टेंबर, रविवार
इराचा फोन. आगगाडीची तिकिटं काढायला सगळ्यांची नावं हवी होती. म्हटलं, माझं काढू नकोस. "मग तू काय करणार?" मी सायकल चालवणार. "आई, तुझा हात मोडलाय." मग भांडण. तिचं इंग्रजीत, माझं मराठीत, आमची नेहमीची पद्धत. तू मला कॅफेत बसवलंस, म्हटलं. विचारलंस तरी का?

तिने भांडण सोडलं. मग म्हणाली, "आई, आय डिडन्ट नो. तू नेहमी म्हणतेस, तुम्ही जा. एव्हरी सिंगल टाइम. मला वाटायचं, तुला आवडत नाही आमच्याबरोबर."

घोडे, समुद्र, बोट, सगळं आठवून बघितलं. कुणी मला बस म्हणायच्या आधी मीच म्हणाले होते, तुम्ही जा. दर वेळी मीच. पोरगी लहानपणापासून ते ऐकत आली, आणि तिने त्याचा अर्थ काय लावला तर आईला आपण आवडत नाही. रडू आलं. फोनवरच रडले, लपवलं नाही.

म्हटलं, इरा, मला यायचंय. तुझ्याबरोबर, सायकलवर. हे मी जूनपासून तुला सांगितलं नाही, हा गाढवपणा माझा.

ती म्हणाली, "डॉक्टर नो म्हणाले तर?" तसंच म्हणतील बहुतेक, मलाही कळतं. चार दिवस आहेत अजून. तरी तिला सांगितलं, माझ्यासाठी सायकल बुक करून ठेव, लहान साइझची. मग डॉक्टरला तुझ्यादेखत विचारू, तू पण फोनवर राहा.

"आर यू शुअर, आई?"

शुअर नाहीये, म्हटलं. यायचंय.