उत्तरेकडची भिंत

हॉलो मेडो फार्म, सफोक
१४ मे १९५६

प्रिय एनॉक,

इकडे सगळे ठीक. तूही ठीक असशील असं धरून चालते. तांबडी गाय व्याली, कालवड झाली. बाबांचे गुडघे गेलेत, तोंड शाबूत आहे. पत्र लिहायची मला सवय नाही, चुकलंमाकलं सांभाळून वाच.

उत्तरेकडची भिंत उघडली. बाबांचा पलंग एका अंगाला उतरायला लागला म्हणून थर्लो सुताराला बोलावलं. त्यानं सिमेंटचा पोपडा काढला आणि तळाच्या तुळईत हात घातला, तो कोपरापर्यंत आत गेला. तीनशे वर्षांचं ओकचं लाकूड, भिजल्या पावासारखं हातात आलं.

"कुडाच्या भिंतीला सिमेंट?" थर्लो म्हणाला. "आत शिरलेलं पाणी बाहेर कुठून येणार? कुणा शहाण्याचं काम हे?"

"आमच्या चिरंजीवांचं!" बाबा खुर्चीतून ओरडले. "नव्याची हौस. म्हणून तर घालवला त्याला."

सात वर्षं हेच ऐकतेय आणि जेवण वाढतेय.

खरं तुला ठाऊक आहे. बाबा इस्पितळात होते, तू शेजारच्या गावी मळणीला. दर वर्षी चुना कालवा, भिंतीला फासा, हात सोलून घ्या, मी वैतागले होते. गवंडी मी आणला. बाबा परतले ते भिंतीवर काठी आपटत तुझ्यावरच धावले. तू माझ्याकडे बघितलंस. मी बटाटे सोलत राहिले. म्हटलं, चार दिवसांत निवळतील, मग सांगू. चार दिवसांत तू वीटभट्टीवर निघून गेलास. नंतर लाज वाटायला लागली. आणि लिहूनच टाकते, घर एकटीच्या हातात आलं ते मला बरंही वाटलं होतं.

या वेळी मी थर्लोसमोरच बोलले, "बाबा, ते मी केलं."

थर्लो करवत उचलून बाहेर गेला. बाबांनी काठी मांडीवर आडवी घेतली. मग म्हणाले, "एनॉकपाशी कबूल केलंस?"

"नाही."

"मग मला काय सांगतेस?"

म्हणून हे पत्र. नवी तुळई बसतेय. चुना मीच कालवते, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. माफ कर असं लिहीत नाही, ते लिहायला फार सोपं आहे. ये म्हणायला मला तोंड नाही, आणि बाबा तर मेले तरी म्हणणार नाहीत. त्यांनी खुर्ची पुढच्या दारात मांडून घेतलीय. म्हणे, सुतारावर नजर ठेवतो. भिंत घराच्या मागे आहे.

तू जिच्यासाठी गप्प राहिलास ती,
हेस्टर